रोमचं मावंदं

अंबड,
दि. २२ जानेवारी १९७६

रा. रा. सर्जेराव पाटील, मुक्काम वाटूर, यांस रामकिसन मास्तरचा रामराम.

इकडचं सगळं बरं आहे, तिकडचं बरं असावं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर इकडं काही बरं नाही, आणि तिकडं काय चाललंय ते तुमचा कडूबा मंगळवारी येऊन सांगून गेला.

आज पहाटे जाग आली तेव्हा कानात मोटेचा आवाज होता. आधी चाकाची कुई, मग नाड्याची करकर, आणि मग थारोळ्यात पाणी कोसळायचा तो धबाबा आवाज. निजामाच्या राजवटीत मी ज्या शाळेत शिकलो, तिच्या मागच्या भिंतीला लागून एक मळा होता. गुरुजी कविता म्हणून दाखवायचे, आणि मोट रिकामी व्हायला लागली की मध्येच थांबायचे. पाण्याच्या आवाजात कडवं बुडू नये म्हणून. आम्हा पोरांना वाटायचं, ते थांबणं कवितेतच छापलेलं आहे. पुढं मी स्वतः मास्तर झालो. माझ्या शाळेमागं मळा नव्हता, मोट नव्हती, तरी त्या कविता शिकवताना मी त्याच जागी थांबायचो. पोरं विचारायची, गुरुजी विसरले का?

तुम्ही म्हणाल, मास्तर, मुद्द्यावर या. पाण्याचं बोललो म्हणजे मुद्द्यावर आलोच की.

कडूबानं तुमचा निरोप दिला तो तुमच्याच आवाजात दिला. त्याला नकला बऱ्या जमतात. "पाटील म्हणून राह्यले, मास्तरनं लेखी माफी मागावी. कागदावर, सहीनिशी. मंगच सूनबाई अंबडला येईल. न्हाईतर बाळंतपण वाटूरलाच." एवढं झाल्यावर स्वतःच्या आवाजात म्हणाला, "दोन ओळींचा तर सवाल हाय मास्तर. लिहा न् मोकळे व्हा. पोरीचा जीव टांगणीला लागलाय."

बेबीनंदाला आठवा लागला. पहिलं बाळंतपण बापाच्या घरी, ही रीत तुम्हाला मी सांगावी असं नाही. तुमच्या तिन्ही लेकींची पहिली बाळंतपणं तुमच्याच वाड्यावर झाली. सातव्यात न्यायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई." माझी थोरली बहीण गोजरबाई, आमची आक्का, अर्ध्या अंबडची बाळंतपणं तिच्या हातानं झाली. ती तुम्हाला बाईमाणूस दिसली नाही. जावयाकडं बघितलं, तर देवानंदराव जमिनीकडं बघत होते. त्यांची नोकरी तुमच्या सोसायटीत, जेवण तुमच्या ताटाशेजारी. त्यांना मी दोष देत नाही. पण जमीन फार वेळ बघितली त्यांनी.

माझा गुन्हा काय? तुमच्या मावंद्याच्या पंगतीत वाढलेल्या ताटावरून उठलो. उठलो, हे खरं. अन्नाचा अपमान झाला, घराचा झाला, पाचशे माणसांपुढं झाला, असं तुम्ही म्हणता. पण का उठलो ते तुम्ही गावात ज्या तऱ्हेनं सांगता, ती तऱ्हा काही खरी नाही. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच तुम्हाला लिहितो. नीट वाचा. चष्मा लावून वाचा.

तुमच्या सोसायटीचा परदेशातला शेती अभ्यास दौरा निघाला. एक सभासद ऐनवेळी आजारी पडले, जागा रिकामी झाली. तुम्ही अंबडला जीप घेऊन आलात आणि ओट्यावरूनच ओरडलात, "चला मास्तर, उठा! आयुष्यभर पोरांना भिंतीवरच्या नकाशातलं जग दाखवलं, आता खरं बघा." त्या दिवशी तुम्ही मला भाऊ वाटला होतात. हेही लिहून ठेवतो, खोटं कशाला बोलू.

अभ्यास तुम्ही किती केलात ते त्या परदेशी गायींना विचारावं लागेल. गोठे झाले, दूध काढायची यंत्रं झाली, आणि परतताना चार दिवस रोम. तुम्ही म्हणालात, "अभ्यास संपला, आता निव्वळ बघणं."

मी मात्र तिथंच अभ्यासाला लागलो. केवढं शहर ते! पडकं तेवढं सगळं जपून ठेवलेलं. दगडाचा तो गोल आखाडा, अर्धा ढासळलेला, वर निळं आभाळ, आणि खालच्या दगडांवर मांजरी ऊन खात पसरलेल्या. मला भूगोलाच्या पुस्तकातलं एक चित्र आठवलं, शाईनं बरबटलेलं. ते चित्र बघत मी पोरपणी कितीदा तरी तास बुडवला होता. मी हात लावून बघितला त्या दगडाला. तुम्ही मागून म्हणालात, "आपल्याकडं असतं ना मास्तर, तर एकेक दगड उचलून लोकांनी कधीच गोठे बांधले असते." सगळे हसले. मीही हसलो. खोटं नव्हतं ते.

दौऱ्यात कडूबाही होता, तो प्रत्येक चर्चच्या दाराशी वहाणा काढायचा, आणि चोरीला जातील म्हणून काखेत धरून आत जायचा. तिथली एक म्हातारी त्याच्या काखेकडं बघून क्रूस करायला लागली. तुम्ही पिशवीतून ठेच्याची बरणी काढून त्यांच्या त्या लांबोडक्या पावाला चोपडायचात, आणि हॉटेलातला वाढपी लांब उभा राहून डोळे पुसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार वारं सुटलं, माझं अंग कापायला लागलं, तर तुम्ही स्वतःची शाल काढून माझ्या अंगावर टाकलीत. रस्ता ओलांडताना मनगट धरायचात. "मास्तर, हितं बैल न्हाईत, मोटारी हायेत. कविता फुटपाथवर चढल्यावर करा." या आठवणी काढून मी नरम पडेन असं तुम्हाला वाटत असेल. उलटं आहे. ज्यानं शाल टाकली त्यानंच पुढचं केलं, म्हणून जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर मी जेवून, हात धुऊन, पान खाऊन घरी आलो असतो.

आता पाणी.

त्या शहरात जिकडं बघावं तिकडं पाणी. चौकाचौकात कारंजी. दगडाचे घोडे, दगडाची माणसं, दगडाचे मासे, आणि सगळ्यांच्या तोंडातून पाणी. प्यायला नाही, धुवायला नाही, रानाला नाही. नुसतं बघायला. त्या मोठ्या कारंज्यापुढं तुम्ही सगळे फोटो काढत होतात, आणि मी डोळे मिटून उभा होतो. कारण डोळे मिटले की ती आमच्या शाळेमागची मोट होती. तोच आवाज. फक्त ही मोट रिकामी होत नव्हती. मी मनात एक कविता धरली, आणि थांबायची जागा येईना. पुढं जाता येईना, मागं येता येईना. तुम्ही खांदा हलवलात. "मास्तर, झोपले का काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आपण त्या पडक्या देवळांच्या बाजूला होतो. गाइडबाई पुढं, छत्री उंच धरून. सोसायटीचे सेक्रेटरी तिचं इंग्रजी मराठीत सांगत होते, निम्मं गाळून. वळणावर तो लोखंडी नळ होता. कमरेएवढा खांब, पोट सुटलेला, आणि वाकडं नाक. त्या नाकातून पाणी चाललेलं, सरळ गटारात. तहानलेलं कुणी नाही, घागर लावलेली नाही. मी चावी शोधली. पुढून बघितलं, मागून बघितलं, खाली वाकून बघितलं. त्या नळाला चावीच नव्हती. चावी नसलेला नळ, पाटील! रात्रंदिवस वाहायलाच केलेला.

तुम्ही सगळे तोवर त्याच नळाभोवती फोटोसाठी रांगेत उभे राहिलात. मध्यभागी तुम्ही, नवा लोकरीचा कोट, कडक खळीचा पटका, तुरा वर.

मी काय केलं ते मला ठरवून करता आलं नसतं. हातांनीच केलं. दुष्काळात टँकरची तोटी गळायला लागली की आम्ही फडक्याचा बोळा करून कोंबायचो. एक थेंब म्हणजे एक थेंब. मी उपरण्याचं टोक फाडलं, बोळा केला आणि त्या नाकात घट्ट कोंबला. मला काय ठाऊक की त्या लोकांनी नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलंय, बोटानं नाक दाबलं की वरून धार येते आणि माणूस वाकल्याशिवाय पितो!

धार आली. वर उडाली ती नेमकी तुमच्या पटक्यावर. खळ उतरली, तुरा आडवा झाला, कोटाच्या आत पाणी शिरलं, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. कडूबाच्या काखेतल्या वहाणा खाली पडल्या. मीसुद्धा हसलो असतो. तुम्ही हसला असतात, तर आयुष्यभर पुरेल अशी गंमत होती ती. दोघा इवायांची, व्याह्यांची गंमत.

पण तुम्ही तोंड पुसलंत, आणि सगळ्यांकडं वळून एक वाक्य बोललात. सगळे हसले. सेक्रेटरींनी ते वाक्य गाइडबाईला इंग्रजीत सांगितलं. ती हसत होती, ती थांबली. तिनं माझ्या जवळ येऊन नळातला बोळा काढला, पिळला आणि माझ्या हातात दिला. तिची भाषा मला येत नाही हे तिला ठाऊक होतं.

ते वाक्य मी इथं लिहिणार नव्हतो.

तिथं मी गप्प बसलो. परमुलूख, बारा माणसं, तुमच्या भरवशावर आलेलो. म्हटलं, गार पाणी अंगावर पडलं की माणूस काहीही बोलतो. विमानात तुमच्या शेजारी बसलो. तुम्हाला डुलकी लागली, तुमची मान माझ्या खांद्यावर आली, ती मी हलवली नाही. म्हटलं, रोमचं पाणी रोमात राहिलं.

आणि तुम्ही वाटूरला येऊन मावंदं घातलंत!

काशी करून आलेला माणूस मावंदं घालतो. रामेश्वर करून आलेला घालतो. कावडीतल्या गंगेची पूजा होते, जेवणावळ होते. रोम करून आलेला मावंदं घालतो हे मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा बघितलं. आणि पूजा कशाची? पाटावर त्या मोठ्या कारंज्याचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं नारळ! भटजींनी बिचाऱ्यांनी कोणता मंत्र म्हटला असेल ते तेच जाणोत. ते दगडाचे नागडे देव बघून बायका पदर तोंडाला लावत होत्या. मी मनात म्हटलं, पाण्याची पूजा आहे ना, मग फोटो कुठलाही असो.

पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. मला तुमच्या उजव्या हाताला बसवलंत, मानाच्या जागी. बेबीनंदा तूप वाढत होती. सातवा महिना, कंबरेला हात लावून लावून वाकत होती, तरी सासरघरचं मोठं कार्य म्हणून हौसेनं वाढत होती. आणि तुम्ही रंगात येऊन नळाची गोष्ट काढलीत. चावी शोधत मी कसा वाकलो ते उठून करून दाखवलंत. पाचशे माणसं हसली. इथवर चाललं असतं. मग शेवटी तेच वाक्य, तस्संच्या तस्सं.

"आमच्या इवायाची बायको एका घागरीपायी गेली. तवापासून पाणी वाहताना दिसलं, की ह्यांना बोळा कोंबावासा वाटतो!"

घ्या. लिहिलं.

घागरीची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली होती? मी. सोयरिकीच्या बैठकीत नाही. बैठक उठल्यावर, लिंबाखाली, तुम्ही आणि मी दोघंच असताना. तुम्ही विचारलंत, "ईहीणबाई कशानं गेल्या?" गाव सांगतं, विहिरीची दरड पडली. तुम्हाला तेवढं सांगून भागलं असतं. पण पोर तुम्ही देत नव्हतात, मी देत होतो. वाटलं, हा माणूस आता घरचा.

त्र्याहत्तरचा मे महिना. त्या वर्षी मी चौथीला नदीची कविता शिकवली नाही. पुस्तक उघडायचो आणि पान उलटायचो. समोर पोरं ओठ चाटत बसलेली. मळ्यातल्या विहिरीत तळाला वाटीनं भरायचं पाणी. बेबीनंदाची आई गिरिजा अंगानं हलकी, म्हणून तिला दोरानं खाली सोडायचे. ती वाटी वाटीनं घागर भरायची, घागर वर यायची, मग ती यायची. त्या दिवशी दोरावर चौघं होतो. घागर काठाशी आली. काठोकाठ भरली होती. मी तिचा दोर सोडून दोन्ही हातांनी घागर धरली, हिंदकळू नये म्हणून. खालून तिनं विचारलं, "सांडली का हो?" मी म्हटलं, "न्हाई." आणि दरड आली.

घागरीतला एक थेंब सांडला नाही, पाटील. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. बेबीनंदालासुद्धा नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की आई विहिरीत गेली. घागरीचं तिला तुमच्या पंगतीत कळलं, भज्यांबरोबर.

तुम्ही हसणाऱ्यांकडं बघत होतात. मी तिच्याकडं बघत होतो. तिच्या हातातलं तुपाचं भांडं तिरकंच राहिलं. कुणाच्या तरी पोळीवर धार धरली होती, ती थांबेना. पोळी भरली, पान भरलं, तूप जमिनीवर उतरलं. तो माणूस "बास, बास सूनबाई" म्हणत होता. मी त्या आवाजानं उठलो. तुमच्या अन्नावरून नाही उठलो. लेकीच्या हातातलं भांडं सरळ करायला उठलो, आणि पुन्हा खाली बसता आलं नाही.

आता माफीचं.

आक्का उंबऱ्यात गहू निवडत बसलीय. सकाळपासून तिचं एकच चाललंय. "लिही की रे बाबा दोन ओळी. तुझा ताठा काय करायचाय? पोरगी परक्या दारात कळा देईल, तवा तुझा ताठा तिच्या उशाला बसणार हाय का?" मी म्हटलं, आक्का, ताठा नाही गं. तर म्हणाली, "मंग काय हाय? पाटलाला हसू आलं, हसला. मेलेल्याला हसून मेलेलं उठत न्हाई न् दुखत बी न्हाई. दुखतंय ते पोरीच्या पोटात."

तिच्यापुढं माझं काही चालत नाही. तुमच्यापुढं चालतं, म्हणून एवढं लिहिलं. तुम्हाला मी सुखासुखी माफ करणार नाही, हे वरच्या पानांवर लिहून झालंय. ते फाडणार नाही, तेही वाचा. पण बेबीनंदा आईच्या घरी यावी. आईच्या खोलीत, आईच्या बाजेवर. तेवढ्यासाठी तुम्हाला हवी ती ओळ देतो. ती वेगळी कापून घ्या, चौकटीत लावा, कारंज्याशेजारी.

मी, रामकिसन, राहणार अंबड, वाटूर मुक्कामी मावंद्याच्या पंगतीत वाढलेल्या ताटावरून उठलो, त्याबद्दल सर्जेराव पाटील यांची

दार वाजतंय. आक्का म्हणते, टपालवाला असेल. बघून येतो.

पुन्हा लिहायला बसलो.

टपालवाला नव्हता. दारात केशरबाई. तुमच्या घरच्या केशरबाई, पाटील. ज्यांनी लग्नापासून आजवर माझ्यापुढं डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, की एक शब्द मोठ्यानं बोलल्या नाहीत. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातानं बेबीनंदाचा दंड धरलेला. एस.टी.नं आल्या दोघी. पोरीचा चेहरा धुळीनं पांढरा झालाय. ती सरळ आईच्या खोलीत गेली. आक्का गहू सांडून तिच्यामागं धावली.

मी म्हटलं, "ईहीणबाई, पाटलांना ठाऊक हाय का?"

"ते परतूरला गेल्ते सकाळी, मीटिंगला. मी निघाले तवा इचारायला घरात कुणी नव्हतं." पेटी त्यांनी उंबऱ्याच्या आत सरकवली. "देवानंदनं स्टँडवर आणून सोडलं. म्हणला, आई, मी काई बघितलं न्हाई."

मी हातातला हा कागद दाखवला. म्हटलं, माफी लिहून ऱ्हायलो होतो, एकच ओळ बाकी आहे.

त्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "मास्तर, ते पुरण कुणी वाटलं? ते ताट कुणी वाढलं? अन्न माझ्या हातचं होतं. तुम्ही उठलात, मी चुलीपाशी उभी ऱ्हाऊन बघत होते. माफी मागायची तर मला मागा. म्हंजे मागू नका, दिली. आता दारातच उभं ठिवता का? एवढ्या लांबून धूळ खाऊन आले, आधी पाणी आणा. आन् पाटलाला कळवा, बाळंतपण उरकल्याबिगर मी काई येत न्हाई."

कळवलं.

वरची ओळ अर्धी आहे, ती अर्धीच तुमच्याकडं येईल. पुरी करायचा मला आता अधिकार नाही. लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज लिहीत नाही.

केशरबाई ओट्यावर बसल्या आहेत. घागर काठोकाठ भरलेली आहे. तांब्या बुडवायला उठतो.

बेबीनंदाचा बाप,
रामकिसन